तठी काय पाह्यलं

आखाजीचा दिवस. मी
सावद्याच्या मागच्या अंगणात, खापरापुढे.
भारंब्यांची सुलोचना, फेगड्यांच्या दोघी जावा,
शेजारच्या घरातली नवी सून,
सगळ्यांचं एकच:
"सांग नं वं माय, तठी काय पाह्यलं?"

बोटीचं सांगते आधी. बोट कसली,
सात दिवसांचं बारा मजली लग्न.
कुणीतरी सतत जेवतंय,
कुणीतरी सतत वाजवतंय,
आणि नवरा-नवरीचा पत्ता नाही.
मुलानं तिकिटं काढली, म्हणून गेलो.
यांनी तोवर हतनूरच्या धरणापेक्षा मोठं पाणी
पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पहिलं बेट लागलं.
काठावर उतरवलं, मनगटाला हिरवी पट्टी बांधली,
बाजारात गुरांना खूण करतात तशी,
आणि बसनं डोंगरात नेलं.
खास काहीतरी दाखवणार म्हणाले.
दोन विमानं, एक बोट, एक बस.
उतरून बघतो तर
केळीची बाग!

हसा. मीही हसले.
लोक घडाला मिठी मारून फोटो काढत होते.
सोबतची पोरगी समजावत होती,
हे झाड नव्हे बरं, हे खोडही खरं खोड नव्हे.
यांनी टोपी माझ्या हातात दिली
आणि सरळ ओळीत शिरले.
तिथं एक म्हातारा वाळकी पानं उतरवत होता,
उंच, काळा, गुडघ्यापर्यंत रबरी बूट.
यांनी पान उलटं केलं.
त्यानं त्यावर बोट ठेवलं.
तेच ठिपके, मधे राखाडी, कडेनं पिवळे.
"करपा," हे म्हणाले.
तो त्याच्या भाषेत काही म्हणाला,
तीही शिवीच असावी.
मग दोघं मान हलवत उभे,
एकाच घरात मुली दिलेल्या बापांसारखे.
बसचा हॉर्न तीनदा वाजला.

"अन् जनावरं? जनावरं दाखवतात म्हने?"

हो, दुसऱ्या बेटावर.
भर समुद्रात मधेच कमरेएवढं पाणी,
खाली पांढरी वाळू.
लहान होडीचं यंत्र बंद होतंय तोच
चारी बाजूंनी सावल्या निघाल्या.
मी माळकऱ्याच्या घरची, उभ्या जन्मात मासा शिवले नाही.
मला वाटलं, तळच सरकतोय.
थांबा. हे बघा,
हा उंडा घेतला, हातावर घातला,
मनगटावरून कोपराकडे, कोपरावरून मागे,
बघा कडा कशा हलतात,
असा. अगदी असाच,
पाण्याखाली कुणी बाई मांडा फिरवतेय
आणि बाई तेवढी दिसत नाही.
माझ्या पोटाला घासून गेला.
मी पाठीवर हात ठेवला.
सकाळपासून मुरलेली कणीक, तेल लावलेली,
तेवढा मऊ.
डोळे वरच्या अंगाला. मला पाहिलं की नाही, कोण जाणे.
बोटीवर कोकणातल्या एक बाई होत्या,
त्या म्हणाल्या, याला पाकट म्हणतात.
शेपटीत काटा असतो, विषारी.

"मंग भेव नाही वाटलं?"
नवी सून पहिल्यांदाच बोलली.

नाही गं. काटा छाटलेला असतो, म्हणाले.
आणि येतात ते आपणहून,
यंत्राचा आवाज ओळखून.
रोज अकराला खायला घालतात ना.

कुणी काही बोललं नाही.
कुंपणापलीकडून हाक आली,
पुरी यायच्या आतच नवी सून उठली,
पदर सारखा करत गेली.

माझ्या हातावरचा मांडा
बोलण्याच्या नादात फार पातळ झाला होता.
तसाच खापरावर टाकला.
मधे भोक पडलं,
त्यातून खापराचं काळं दिसत राहिलं.

पुढच्या ओट्यावर
कुणीतरी यांना समुद्र विचारत होतं.
हे सांगत होते,
"करपा तठीबी आहे."